आवाज गावाला ऐकू येतो, यंत्रावर उमटत नाही: जमिनीतून येणाऱ्या आवाजांमागील कारणे

लातूर, धाराशिव, नांदेड, हिंगोली या पट्ट्यात राहणाऱ्यांना एक बातमी आता पाठ झाली आहे. अमुक गावात जमिनीतून गूढ आवाज, भांडी वाजली, लोक घराबाहेर धावले, अनेकांनी रात्र अंगणात जागून काढली. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात पांगरा शिंदे या गावाच्या परिसरात असे आवाज कित्येक वर्षांपासून येत आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यात हासोरी गावाला त्यांनी हैराण केले आणि तज्ज्ञांना गावात यावे लागले. १५ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी साडेदहा ते पावणेअकराच्या दरम्यान खुद्द लातूर शहरात, विवेकानंद चौकाच्या आसपास, मोठा आवाज झाला आणि शहरभर फोन खणखणले. भूकंपमापक केंद्रांकडे चौकशी झाली, तेव्हा भूकंपाची कोणतीही नोंद नसल्याचे प्रशासनाने सांगितले.

यानंतर जे घडते तेही ठरलेले असते. शेजारीपाजारी एकमेकांना विचारतात, ‘तुमच्याकडेही आला का?’ एकाला तो पूर्वेकडून आल्यासारखा वाटतो, दुसऱ्याला थेट आपल्या विहिरीतून. कोणी खदानीवर संशय घेतो, कोणी विमानावर, कोणी जुन्या भुयारावर. प्रशासन ‘नोंद नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका’ असे पत्रक काढते आणि आपल्याला खोटे ठरवले गेले, अशी भावना गावात राहते. वास्तविक ‘आवाज आला’ आणि ‘नोंद नाही’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि बहुतेक वेळा ती तशीच असतात. हे कसे शक्य होते, ते समजण्यासाठी आधी जमीन आवाज करते म्हणजे नेमके काय होते, हे पाहावे लागेल.

जमीन आवाज कशी करते

पृथ्वीच्या कवचातील खडक अखंड नसतो. त्यात भेगा असतात, त्यांच्या दोन्ही बाजूंवर चारही अंगांनी दाब असतो, आणि घर्षणामुळे त्या बाजू एकमेकींना धरून राहतात. दाब घर्षणाच्या पलीकडे गेला की भेगेचा काही भाग झटक्यात सरकतो. हाच भूकंप. भूकंप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पडलेली घरे येतात. पण एक रिश्टर तीव्रतेच्या भूकंपात जेमतेम काही दशक मीटर लांबीचा भेगेचा तुकडा सरकतो आणि तोही साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी. त्यातून लहरींच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा टीएनटी या स्फोटकाच्या सुमारे अर्ध्या किलोच्या स्फोटाइतकी असते. तीव्रता एका अंकाने वाढली की ही ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. म्हणून दोन रिश्टरचा भूकंप म्हणजे सुमारे १५ किलो टीएनटी, आणि शून्य रिश्टरचा म्हणजे अवघे १५ ग्रॅम. शून्य रिश्टरचाही भूकंप असतो, इतकेच नव्हे तर उणे तीव्रतेचाही असतो, कारण शून्य ही या मोजपट्टीची सुरुवात नाही, केवळ एक सोयीची खूण आहे.

भेग सरकली की खडकातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली प्राथमिक लहर. ती खडकाला पुढेमागे दाबत आणि ताणत जाते, म्हणजे हवेतील ध्वनीचीच चाल ती खडकात चालते, आणि कठीण खडकात तिचा वेग सेकंदाला पाच ते सहा किलोमीटर असतो. दुसरी दुय्यम लहर. ती खडकाला आडवे हलवते आणि सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने येते. प्राथमिक लहर जमिनीच्या पृष्ठभागाशी पोहोचली की तेथील जमीन ढोलाच्या पानासारखी किंचित वरखाली होते आणि वरच्या हवेला ढकलते. खडकातून हवेत उतरताना लहरीची बहुतेक ऊर्जा परत खालीच फिरते, हवेत जाते ती अत्यल्प. परंतु माणसाचा कान एवढा संवेदनशील आहे की त्याला तेवढीही पुरते, फक्त त्या कंपनांची वारंवारता सेकंदाला २० पेक्षा जास्त हवी. त्याखालची कंपने कानाला ऐकू येत नाहीत.

येथे एक अनपेक्षित गोष्ट आहे. सरकणारा तुकडा जितका लहान, तितकी त्यातून निघणारी कंपने जलद. एक रिश्टरच्या आसपासचा भूकंप सेकंदाला चाळीस-पन्नास कंपनांच्या लहरी सहज निर्माण करतो, आणि त्या ऐकू येण्याच्या पट्ट्यात बसतात. सहा रिश्टरच्या भूकंपाची बहुतांश ऊर्जा मात्र इतक्या संथ लहरींत असते की त्या कानाला नव्हे, इमारतींना कळतात. त्यामुळे आवाज मोठा म्हणजे भूकंप मोठा, हा स्वाभाविक वाटणारा तर्क चुकीचा आहे. पायाखाली दोन किलोमीटरवर झालेला एक रिश्टरचा भूकंप तोफेसारखा ‘धडाम’ करील आणि भिंतीवरचे कॅलेंडरही हलणार नाही.

जलद कंपनांची दुसरी खोड अशी की ती लांब जात नाहीत. खडकातून प्रवास करताना तीच आधी विरतात, आणि खडक भुसभुशीत असेल किंवा वर मातीचा जाड थर असेल तर ती वरपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून असे आवाज दोनच गोष्टी जुळल्या तर ऐकू येतात: भूकंपाचे केंद्र उथळ असले पाहिजे आणि मधला खडक कठीण असला पाहिजे. मराठवाड्यात दोन्ही आहेत. आवाजाच्या दिशेवरून शेजाऱ्यांचे एकमत का होत नाही, त्याचेही उत्तर येथेच आहे. आवाज कोठून आला हे आपण दोन कानांवर तो किती पुढेमागे आणि किती कमीजास्त पोहोचला यावरून ठरवतो. जमिनीतून आलेल्या आवाजात घराची फरशी, भिंती, पत्रे, दारे-खिडक्या सगळेच एकदम कंप पावतात; खालच्या सुराची दिशा ओळखणे तर एरवीही कठीण. परिणामी प्रत्येक घराला तो शेजारच्या घराकडून आल्यासारखा वाटतो.

मग यंत्रावर नोंद का नाही

राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचे देशभरचे जाळे मुख्यतः तीन आणि त्याहून अधिक तीव्रतेचा कोणताही भूकंप निसटू नये, या हेतूने उभारलेले आहे. महाराष्ट्रात त्याशिवाय धरणांच्या परिसरात भूकंपमापक आहेत, आणि त्यांचे काम नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था पाहते. काही जिल्ह्यांत स्थानिक केंद्रेही आहेत. तरीही एका केंद्रापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर बहुतेक ठिकाणी दहा-वीस किलोमीटरपेक्षा पुष्कळ जास्त असते. गावाखाली दीड किलोमीटरवर अर्ध्या रिश्टरचा धक्का बसला, तर गावाला तो ऐकू येतो. चाळीस किलोमीटरवरच्या यंत्रापर्यंत त्याची जी काही थरथर पोहोचते, ती रस्त्यावरचे ट्रक, चालू मोटारी आणि वाऱ्याने हलणारी झाडे यांच्या रोजच्या थरथरीत हरवून जाते. शिवाय एका यंत्रावर पुसट रेघ उमटून उपयोग नसतो. धक्का नेमका कोठे झाला हे काढण्यासाठी किमान तीन केंद्रांवर त्याच्या लहरी स्पष्ट दिसाव्या लागतात. तसे झाले नाही तर अधिकृत यादीत त्याला जागा मिळत नाही.

याचा अर्थ ‘नोंद नाही’ या वाक्याचा खरा मजकूर असा आहे: ‘आमच्या यंत्रांना ओळखता येईल एवढा मोठा भूकंप झालेला नाही.’ पत्रकात हे दुसरे वाक्य लिहिले गेले असते तर गावोगावचे निम्मे वाद मिटले असते, असे मला वाटते. ‘काहीच झाले नाही’ असा अर्थ त्यातून निघत नाही, आणि ज्यांनी आवाज ऐकला त्यांना तो तसा सांगूही नये.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात मूडस नावाचे गाव आहे. तेथील आवाजांविषयी तीनशे वर्षांहून अधिक काळ लिहिले गेले आहे. मूळ रहिवाशांच्या दृष्टीने ती जागा देवतेच्या रागाची होती आणि नंतर आलेल्या युरोपीय वसाहतवाल्यांनी त्यावर आपापल्या कथा रचल्या. १९८० च्या दशकात गावाच्या अगदी आसपास भूकंपमापक बसवले गेले, तेव्हा ते आवाज आणि जमिनीच्या वरच्या एक-दोन किलोमीटरच्या थरात होणारे अतिसूक्ष्म भूकंप यांची वेळ जुळली. लांबच्या केंद्रांना जे दिसत नव्हते, ते जवळ नेलेल्या यंत्रांना दिसले. पालघर जिल्ह्यातही तेच झाले. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत धुंदलवाडीच्या परिसरात धक्के आणि आवाज सुरू झाले. स्थानिक पातळीवर यंत्रे बसवल्यानंतर हजारो लहान धक्क्यांची नोंद झाली, ज्यांतील बहुसंख्य धक्के दूरच्या केंद्रांना कधीच कळले नसते.

प्रत्येक आवाज जमिनीतलाच असतो असे नाही

२० मे २०२० रोजी दुपारी बेंगळुरूच्या मोठ्या भागात असाच प्रचंड आवाज झाला आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. कर्नाटकच्या भूकंपमापकांवर काहीच नव्हते. संध्याकाळी संरक्षण मंत्रालयाने खुलासा केला की हवाई दलाच्या चाचणी-उड्डाणातील एक विमान शहराबाहेरच्या नेमून दिलेल्या हवाई क्षेत्रात ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडाले होते आणि ३६,००० ते ४०,००० फूट उंचीवर त्याने वेग ध्वनीच्या खाली आणताना तो आवाज झाला असावा. विमान ध्वनीच्या वेगापेक्षा पुढे गेले की त्याने बाजूला सारलेली हवा त्याच्यापुढे निसटू शकत नाही; ती दाबून एकवटते आणि तो दाबाचा पडदा जमिनीपर्यंत येऊन कानावर आदळतो. तितक्या उंचीवरील विमानाचा हा आवाज जमिनीवर साठ-पासष्ट किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात ऐकू येऊ शकतो, आणि तोवर विमान नजरेच्या पार गेलेले असते. ओझर येथे सुखोई-३० विमाने बांधली जातात, त्यामुळे नाशिककरांना हा प्रकार नवा नाही.

आता बेंगळुरू आणि हासोरी शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे आवाज, दोन्हीकडे आधी भूकंपाचीच शंका. पण एक मोठा फरक आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तोच सर्वांत उपयोगाचा धागा आहे. आवाज किती दूरवर ऐकू आला? बेंगळुरूत तो कित्येक किलोमीटरवर पसरलेल्या वस्त्यांना ऐकू आला. इतक्या मोठ्या क्षेत्रात ऐकू येणारा भूकंप यंत्रांपासून लपूच शकत नाही, त्यामुळे तेथे ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘आवाज हवेतला’ असा स्पष्ट होता. उलट आवाज एका गावात आणि फार तर लगतच्या दोन वस्त्यांत ऐकू आला असेल, तर तेच ‘नोंद नाही’ काहीच सिद्ध करत नाही, कारण तेवढा लहान भूकंप यंत्राला न दिसणे हेच अपेक्षित असते. म्हणून लातूर शहरातल्या फेब्रुवारीच्या आवाजासारख्या घटनेत पहिला प्रश्न ‘किती मोठा होता’ हा नव्हे, तर ‘कोणत्या कोणत्या गावांत ऐकला’ हा विचारला पाहिजे.

सुरुंगांचे प्रकरण त्या मानाने सोपे आहे, निदान कागदावर. खडी क्रशरसाठीच्या खदानी, रस्त्यांची कामे आणि उन्हाळ्यात खोल केल्या जाणाऱ्या विहिरी यांत जिलेटिनच्या कांड्या उडवल्या जातात, त्या प्रामुख्याने दिवसा, आणि बहुधा ठरावीक वेळी. स्फोटाची थरथर जमिनीतून क्षणार्धात पोहोचते, पण हवेतला आवाज सेकंदाला फक्त ३४० मीटर चालतो, म्हणजे एका किलोमीटरला तीन सेकंद. खदान तीन किलोमीटरवर असेल तर आधी भांडे किणकिणेल आणि सुमारे आठ-नऊ सेकंदांनी आवाज येईल. जमिनीखालच्या धक्क्यात असे कधीच होत नाही. तेथे आवाज आधी किंवा थरथरीसोबत येतो. गोंधळ होतो तो हिवाळ्यात. पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. अशा वेळी वर जाणारा आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो आणि पंधरा-वीस किलोमीटरवरचा स्फोट शेजारी झाल्यासारखा ऐकू येतो, तर मधल्या एखाद्या गावाला तो ऐकूही येत नाही. शंका आल्यास तहसील कार्यालयातून खदानींच्या सुरुंगांच्या वेळा मागवून पडताळता येतात. विहिरींचे सुरुंग मात्र कागदावर क्वचितच सापडतात.

आणखी एक स्पष्टीकरण मराठवाड्यात वारंवार दिले जाते: उपशामुळे भूगर्भात पोकळ्या झाल्या, पावसाचे पाणी त्यांत शिरले आणि कोंडलेली हवा जोराने बाहेर पडल्याने आवाज झाला. बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या येथील काळ्या खडकाच्या, काही थरांत बुडबुड्यांच्या जागा राहिलेल्या असतात, आणि पाण्याची पातळी झपाट्याने वाढली तर एखाद्या विंधनविहिरीतून फुसफुस किंवा गुरगुर ऐकू येणे शक्य आहे. पण तो आवाज त्या विहिरीपुरता असतो आणि काही काळ चालू राहतो. चार-पाच वाड्यांना एकाच क्षणी ऐकू येणारा, अर्ध्या सेकंदात संपणारा आणि पत्रे वाजवणारा दणका कोंडलेल्या हवेला झेपणारा नाही. चुनखडकाच्या प्रदेशात जमिनीखालच्या गुहा कोसळतात, तसे बेसाल्टमध्ये घडत नाही, कारण बेसाल्ट पाण्यात विरघळत नाही. हे स्पष्टीकरण लोकांना धीर देते म्हणून अधिकारी ते सांगतात, असे दिसते. धीर द्यावाच, पण त्यासाठी न पटणारे कारण पुढे करण्याची गरज नाही.

मराठवाडाच का, आणि पावसाळ्यानंतरच का

दख्खनच्या पठारावर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरला. पश्चिमेला ही थरांची जाडी मोठी आहे. कोयनेच्या परिसरात शास्त्रीय अभ्यासासाठी घेतलेल्या तीन किलोमीटर खोल विवरात (बोअरमध्ये) बेसाल्ट सुमारे १,२४७ मीटरवर संपला. पूर्वेकडे ती कमी होत जाते. किल्लारीच्या भूकंपानंतर तेथे घेतलेल्या ६१७ मीटर खोल विवरात बेसाल्टची जाडी केवळ ३३८ मीटर भरली, आणि त्याखाली गाळाचा एक पातळ थर ओलांडला की अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. या जुन्या खडकात पूर्वीच्या काळापासून भेगा आहेत. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे, तो रेटा हिमालयापुरता थांबत नाही. तो साऱ्या द्वीपकल्पात साचत राहतो आणि जुन्या भेगांना मधूनमधून सरकवतो.

आवाजांच्या बातम्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत अधिक दिसतात, यालाही कारण आहे. भेगेतील पाण्याचा दाब वाढला की तिच्या दोन्ही बाजूंना एकमेकींवर दाबून ठेवणारा परिणामी दाब कमी होतो आणि घर्षण ढिले पडते. पाण्याची पातळी दहा मीटरने वाढली तर खाली साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. खडकातील एकूण दाबापुढे तो नगण्य असला, तरी सरकण्याच्या बेतात असलेल्या भेगेला तेवढे निमित्त पुरते. पाणी खोलवर झिरपायला वेळ लागतो, म्हणून पाऊस आणि धक्के यांत काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे अंतर पडते. नांदेड शहराला २००७ च्या अखेरीपासून बसलेल्या लहान धक्क्यांच्या मालिकेचा अभ्यासही याच दिशेने झाला, आणि पालघरच्या धक्क्यांतही पावसाच्या पाण्याची भूमिका संशोधकांनी मांडली आहे. कोयनेत हेच पाणी जलाशयाच्या रूपाने येते. १९६२ नंतर शिवसागर भरू लागला तेव्हापासून तेथे भूकंप होत आहेत आणि ११ डिसेंबर १९६७ चा त्यांतील सर्वांत मोठा भूकंप ६.३ तीव्रतेचा होता.

आवाज म्हणजे मोठ्या भूकंपाची चाहूल का?

ज्या प्रश्नापायी लोक अंगणात झोपतात तो हाच, आणि त्याचे कारण किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या घरात सांगितला जातो. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या उत्तरार्धात, किल्लारीच्या लोकांना आवाज आणि धक्के जाणवत होते, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांतला एक चांगलाच मोठा होता. ही आठवण ज्या घरांत जिवंत आहे, तेथे ‘घाबरू नका’ हे दोन शब्द पुरणार नाहीत.

तरीही आकड्यांचा कल दुसरीकडे आहे. लहान धक्क्यांच्या बहुतेक मालिका काही आठवडे किंवा वर्षे चालतात आणि विरून जातात. मूडसचे आवाज शतकानुशतके येत आहेत. तेथील ज्ञात सर्वांत मोठा भूकंप १७९१ चा, आणि तोही मध्यम स्वरूपाचा. पालघरची मालिका कित्येक वर्षे रेंगाळली, पण तिच्यातील मोठे धक्के चार रिश्टरच्या आसपासच राहिले. हिंगोलीत २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहानंतर दहा-बारा मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले, आणि १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ चा; ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. किल्लारीच्या भूकंपातून मुक्त झालेली ऊर्जा या ४.५ च्या एका धक्क्याच्या तीनशेपटींहून अधिक होती, हा हिशेब लक्षात ठेवावा. लहान धक्क्यांनी मोठ्या भूकंपाचा ताण ‘हळूहळू निघून जातो’ हा समज मात्र याच हिशेबाने बाद ठरतो. एका सहा रिश्टरच्या भूकंपाची भरपाई करण्यासाठी तीन रिश्टरचे तीस हजारांहून अधिक धक्के लागतील.

एखादी मालिका किल्लारीच्या वाटेने जाईल की पालघरच्या, हे ती चालू असताना सांगण्याची पद्धत जगात कोणाकडेही नाही. त्यामुळे ‘अमुक तारखेला मोठा धक्का’ असे सांगणारा संदेश कोणाच्याही नावाने फिरत असला तरी तो बनावट समजावा.

शेजाऱ्यांनी काय लिहून ठेवावे

आवाजाचा उलगडा करण्यात गावाचा वाटा मोठा असू शकतो, कारण यंत्र चाळीस किलोमीटरवर आहे आणि गाव जागेवर आहे. आवाज होताच फोनवरची वेळ सेकंदासह टिपावी. पाच किलोमीटर अंतरावरच्या दोन वस्त्यांनी अशी वेळ टिपली आणि त्यांत दहा-पंधरा सेकंदांचा फरक निघाला, तर आवाज हवेतून एका बाजूने आला. फरक जवळजवळ शून्य असेल, तर तो खालून आला किंवा दोन्ही वस्त्या उगमापासून सारख्याच अंतरावर आहेत, आणि तिसऱ्या वस्तीच्या नोंदीने तेही ठरते. तळमजल्यावर बसलेल्याला पायांत काही जाणवले का, आधी आवाज की आधी थरथर, एकच ठोका की लागोपाठ दोन, हेही लिहावे, कारण ध्वनीपेक्षा वेगवान विमानाचा आवाज अनेकदा जोडठोक्याचा असतो.

जमिनीखालच्या धक्क्यात तर अंतरही काढता येते. आवाज प्राथमिक लहरीचा असतो आणि त्यामागून येणारा हिसका दुय्यम लहरीचा. कठीण खडकात या दोहोंमधील प्रत्येक सेकंदामागे उगम साधारण आठ किलोमीटर दूर असतो. ‘धड्’ आणि हिसका यांत निम्मा सेकंद गेला असे वाटले, तर उगम सुमारे चार किलोमीटरवर. दोन्ही एकदमच आले, तर तो अगदी पायाखाली आहे. एवढा लहान काळ अचूक मोजता येत नाही, पण दहा घरांच्या नोंदी एकत्र केल्या तर अंदाज बराच जवळ येतो. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर जाणवलेल्या धक्क्याची माहिती नागरिकांना भरता येते. तीच माहिती तारीखवार यादी करून जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षालाही द्यावी. ‘आमच्याकडे आवाज येतात’ या निवेदनापेक्षा तीन आठवड्यांची वेळा-ठिकाणांसह यादी हाती असेल, तर तात्पुरते फिरते भूकंपमापक गावात बसवण्याची मागणी टाळणे अवघड जाते. असे यंत्र शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या तळमजल्यावर, रस्ता आणि मोटारींपासून दूर, काही आठवडे चालू ठेवले की आवाज खालचा आहे की नाही हे निर्विवाद कळते.

घरांकडे मात्र या उत्तराची वाट न पाहता बघावे. किल्लारीत माणसे दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदावर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला मातीचा थर यांखाली. अनेक घरांत लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. गळती थांबावी म्हणून दर काही वर्षांनी माळवदावर नवी माती टाकण्याची जी सवय आहे, तिच्यामुळे छताचे वजन वाढतच जाते. ती जादा माती उतरवून घ्यावी, फुगलेली किंवा कोपऱ्यातून सुटलेली भिंत दुरुस्त होईपर्यंत तिच्या कडेला कोणी झोपू नये, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून पत्रे हुकांनी बांधून घ्यावेत.